'पर्सनल'ला मराठीत काय म्हणता? (आणि कृपया 'वैयक्तिक' म्हणून मोकळे होऊ नका)

कुंदकळी

मंडळी, एका विमा कंपनीच्या ॲपचं मराठीकरण अंगावर घेतलंय. कंपनीने सोबत ठरलेल्या शब्दांची यादी दिली आहे. त्यातली बावीसावी ओळ: पर्सनल = वैयक्तिक. पुढे कुलपाचं चित्र. कुलूप म्हणजे हा शब्द अनुवादकाने बदलायचा नाही, जिथे पर्सनल दिसेल तिथे वैयक्तिक ठोकायचं.

आता बघा. 'पर्सनल डिटेल्स'ला वैयक्तिक माहिती, हे ठीक. 'पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर'ला वैयक्तिक अपघात विमा, हे वर्षानुवर्षं छापून येतंय म्हणून चालवून घेतलं. माझ्या सासूबाईंनी मात्र ते वाचून विचारलं, "वैयक्तिक अपघात म्हणजे कुणाला न सांगता झालेला का गं?" पुढे आलं, 'आमचे अधिकारी तुमच्या दाव्याला पर्सनल अटेन्शन देतील.' इथे 'वैयक्तिक लक्ष देतील' लिहायला हात धजेना. मी लिहिलं, 'आमचे अधिकारी तुमच्या दाव्यात जातीने लक्ष घालतील.'

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याचा शेरा आला. लाल रंगात: "जातिवाचक उल्लेख. तातडीने काढावा."

हसावं की रडावं कळेना. पण प्रश्न खराच आहे. हा एक इंग्रजी शब्द मराठीत किती ठिकाणी किती रूपांनी येतो? तुम्ही रोजच्या बोलण्यात काय वापरता? अजून दोन वाक्यं अडली आहेत. एक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातलं, ग्राहक चिडून बोलला तर 'पर्सनली घेऊ नका'. दुसरं, 'पर्सनल इफेक्ट्स'.

मोडीवाचक

तपासनीस बिचारा नवीन पिढीचा असणार. 'जातीने'मधली जात ही संस्कृत 'जाति' नव्हेच. ती अरबी 'ज़ात', फारसीतून आली. अर्थ स्वतः, खुद्द, मूळ पिंड. उर्दूत आजही 'ज़ाती मामला' म्हणजे पर्सनल मॅटर. मोगली मनसबीत दोन आकडे असत, जात आणि सवार. जात म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा दर्जा, सवार म्हणजे त्याने पदरी बाळगायचे घोडेस्वार. १६६५च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली, ती याच पद्धतीतली. म्हणजे 'पर्सनल रँक'ला आपल्याकडे शब्द होता, आणि तो 'जात' होता.

दोन वेगळ्या घरांतले शब्द उच्चाराने एक झाले आणि एकाने दुसऱ्याला गिळलं. 'जातीने हजर राहणे', 'जातीनिशी जाणे' हे वाक्प्रचार तेवढे उरले.

तालुका_वकील

गिळलं कुठे? आमच्या कोर्टात रोज जिवंत आहे. 'जातमुचलक्यावर सुटका.' पर्सनल बाँड. आरोपी स्वतःच लिहून देतो की तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर इतके रुपये भरीन. दुसरा माणूस उभा केला तर तो जामीन. मुचलका तर म्हणे तुर्की शब्द. अरबी आणि तुर्की मिळून झालेला हा शब्द खेड्यातला माणूस न अडखळता बोलतो, आणि 'वैयक्तिक बंधपत्र' म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघतो.

एकदा एका पोरसवदा अशिलाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "साहेब, जातमुचलका आपल्या जातीला लागू आहे ना?" त्यामुळे तुमच्या तपासनिसाला मी फार हसणार नाही.

झेड_ब्रिज

माझ्या बोलण्यात तर पर्सनल हे नाम आहे. 'पर्सनलला ये.' 'पर्सनलवर पाठव.' 'ग्रुपवर नको, पर्सनलमध्ये बोलू.' विभक्ती प्रत्यय लागतात म्हणजे शब्द मराठी झाला की. काकू, तुमच्या कुलपाला सांगा, हा मराठीच शब्द आहे, जसाच्या तसा ठेवा.

निवृत्त_कारकून

@झेड_ब्रिज, 'पर्सनलला ये' हे माझ्या कानाला वेगळंच लागतं. आमचे थोरले बंधू ठाण्याच्या एका कारखान्यात होते. तिथे 'तुला पर्सनलला बोलावलंय' म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा यायचा. पर्सनल म्हणजे पर्सोनेल डिपार्टमेंट, हल्ली ज्याला एचआर म्हणतात ते. चार्जशीट तिथेच हातात ठेवायचे. खालच्या पाळीपासून वरच्या पाळीपर्यंत कुणी त्याला पर्सोनेल म्हटलं नाही, 'पर्सनल'च. पर्सनल मॅनेजर हा कामगारांच्या जगातला सर्वांत कमी पर्सनल माणूस.

मूळ दोन्ही एकाच घरचे, पण पर्सोनेल फ्रेंचकडून आला आणि त्याचा अर्थ माणसांचा ताफा. दिल्लीत 'कार्मिक' मंत्रालय आहे ते हेच.

आता आमच्या मंत्रालयातली गंमत सांगतो. सरकारी मराठीने पर्सनलसाठी एकच शब्द कधीच धरला नाही. मंत्र्याचा पीए म्हणजे 'स्वीय सहायक'. पर्सनल लेजर अकाउंट म्हणजे 'स्वीय प्रपंजी लेखा'. तुमची पर्सनल फाइल मात्र 'वैयक्तिक नस्ती'. आणि 'इन पर्सन' या म्हणायचं तर 'व्यक्तिशः उपस्थित राहावे'. 'स्वीय' हा शब्द सहायकाच्या खांद्यावरून उतरून कधी बाहेर पडला नाही. कुणी 'माझा स्वीय चष्मा' म्हटलेलं ऐकलंय? का नाही म्हणत, मला आजतागायत कळलेलं नाही. छान शब्द आहे.

आणि कुंदकळीताई, साहेबांचं जातीने लक्ष वेधायचं तर आमच्याकडे एक हत्यार होतं, अर्धशासकीय पत्र. साधं पत्र पदनामाला जातं, ते आवक-जावकमध्ये पडून राहतं. अ.शा. पत्र नावाने जातं, 'प्रिय श्री अमुक' असं सुरू होतं, खाली पदनामाचा शिक्का नसतो तर शाईने सही असते. मजकूर तोच, पण ते पाकीट कारकून उघडत नाही. पर्सनल या शब्दाचा सरकारी अर्थ एवढाच, की पाकीट कोण उघडतो.

बोरूबहाद्दर

इंग्रजी शब्दाला किती तो मान! वैयक्तिक, व्यक्तिगत, खासगी, स्वकीय, आत्मीय, निजी, स्वीय. सात शब्द असताना 'पर्सनलला ये'? मराठी माणसालाच मराठीची लाज वाटते, दुसरं काय.

झेड_ब्रिज

निजी हिंदी आहे. स्वकीय म्हणजे आपली माणसं, आत्मीय म्हणजे जिव्हाळ्याचं. राहिले चार.

बोरूबहाद्दर

निज हा ज्ञानेश्वरीपासून आहे. आधी वाचा, मग बोला. वय काय तुमचं?

झेड_ब्रिज

निज आहे, मान्य. निजी नाही. वय पर्सनल आहे.

पाटी_पेन्सिल

दोघेही थांबा, नाहीतर धागा वेगळ्या अर्थाने पर्सनल होईल.

मी आठवीला मराठी आणि संस्कृत दोन्ही शिकवते. तिथे या शब्दाचा आणखी एक घोळ आहे. पर्सनल प्रोनाउनला आपण 'पुरुषवाचक सर्वनाम' म्हणतो. म्हणजे व्याकरणात पर्सन म्हणजे पुरुष. दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, "बाई, 'ती' पुरुषवाचक कशी?" आणि खरी कसरत पुढच्या तासाला. मराठीत प्रथम पुरुष म्हणजे मी. संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे तो, आणि मी हा उत्तम पुरुष. मुलं एका तासात पहिली असतात आणि दुसऱ्यात शेवटची.

व्यक्ती या शब्दाबद्दलही सांगते. तो संस्कृतात मुळात माणूस नव्हेच. वि आणि अञ्ज्, म्हणजे उघड होणं, प्रकट होणं. 'व्यक्त करणे'मधलं व्यक्त तेच. आणि लॅटिनमधला पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. बोलघेवड्या पुस्तकांत सांगतात की मुखवट्यातून आवाज घुमतो म्हणून 'पर्सोनारे'पासून तो आला, पण त्यातला ओकार दीर्घ-ऱ्हस्वाच्या हिशेबात बसत नाही. इटलीत तार्किनियाच्या थडग्यात मुखवटा घातलेल्या माणसाचं चित्र आहे आणि शेजारी एत्रुस्कन लिपीत 'फेर्सु' लिहिलंय. बरेच जण मूळ तिकडे बघतात. तर एका भाषेने माणसाला झाकणाऱ्या वस्तूवरून नाव दिलं आणि दुसरीने उघड होण्यावरून. शिवाय मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी! ती व्यक्ती. पुरुषवाचकची थोडी भरपाई.

विन्या_व्हर्जिनिया

इंग्रजांच्या देशातही हा शब्द सरळ नाही, हे पोळून शिकलो. इथे आलो त्या वर्षी काउंटीचं बिल आलं, 'पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स'. बायकोला म्हटलं, आता कंगव्यावर आणि चपलांवरही कर लावतात वाटतं. निघाला गाडीवरचा कर. व्हर्जिनियात दरवर्षी भरावा लागतो.

मग ऑफिसातल्या एकाने समजावलं. इंग्रजी कायद्यात जमीन आणि घर म्हणजे रिअल प्रॉपर्टी, बाकी उचलून नेता येतं ते सगळं पर्सनल. कारण जुन्या इंग्लंडमध्ये कुणी जमीन बळकावली तर कोर्ट ती जमीनच परत मिळवून देई. गाय किंवा गाडा नेला, तर त्या माणसावर दावा करून भरपाई घ्यायची. दावा वस्तूवर नाही, माणसावर, म्हणून पर्सनल. आपल्याकडे यालाच सरळ 'स्थावर-जंगम' म्हणतात. तरीही इथल्या एका मराठी मित्राच्या इच्छापत्राच्या अनुवादात मी 'वैयक्तिक मालमत्ता' वाचलंय, आणि वाचणाऱ्या काकांची समजूत अशी की त्यात घरसुद्धा आलं.

तालुका_वकील

@विन्या, अगदी. 'पर्सनल लॉ'चंही तेच. लोकांना वाटतं घरातल्या खासगी गोष्टींचा कायदा, म्हणून पर्सनल. तसं नाही. जो कायदा जमिनीला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे, तो पर्सनल. एका गल्लीत राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांना लग्न-वारशात वेगवेगळा कायदा. १७७२ साली कंपनी सरकारचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी ठरवलं की लग्न, वारसा वगैरेत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण, तिथून ही वाट पडली. १९३७च्या कायद्याच्या तर नावातच 'मुस्लिम पर्सनल लॉ' आहे.

आणि यातला सगळ्यात गाजलेला निवाडा आपल्या मुंबई हायकोर्टाचा. १९५१, नरसू अप्पा माळी. हिंदूंना दुसऱ्या लग्नाची बंदी करणारा मुंबई प्रांताचा १९४६चा कायदा होता, त्याला आव्हान. छगला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा कायम ठेवला, आणि सोबत सांगितलं की पर्सनल लॉ हा घटनेच्या तेराव्या कलमातल्या 'कायदा' या शब्दात बसत नाही. म्हणजे मूलभूत हक्कांच्या गाळणीतून तो जात नाही. सत्तर वर्षं उलटून गेली, अजून वकील त्यावर भांडतात. सगळं भांडण 'पर्सनल' या विशेषणाभोवती आणि 'कायदा' या नामाभोवती.

मराठी वर्तमानपत्रं 'व्यक्तिगत कायदा' लिहितात. त्याने सामान्य वाचकाला वाटतं, ज्याचा त्याचा वेगळा कायदा.

खारा_वारा

गोंयकार हांगा! आमच्याकडे 'पर्सनल लॉ नाही' असं सगळे कौतुकाने सांगतात. पोर्तुगीजांची १८६७ची नागरी संहिता, बारीकसारीक अपवाद सोडता सगळ्या धर्मांना एक. लग्न झालं की नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, विकायची तर दोघांच्या सह्या. बरोबर आहे.

पण वकीलसाहेबांच्या व्याख्येने पाहिलं तर गंमत होते. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोंयकाराची मिळकत गोव्याबाहेर असली तरी वारसा याच संहितेने ठरणार. म्हणजे माझ्या मामाचा मुंबईतला फ्लॅट महाराष्ट्राच्या जमिनीवर उभा, पण कायदा मामाच्या पाठीवरून तिथवर गेलेला. मग झाला की नाही पर्सनल? फक्त धर्म नाही, मूळ गाव चिकटलंय.

आणि पोर्तुगीजमध्ये 'पेसोआल' म्हणजे पर्सनल, पण तेच नाम म्हणून वापरलं तर अर्थ 'मंडळी'. चला मंडळी, ऑफिसातली मंडळी. झेड_ब्रिजच्या 'पर्सनलला ये'च्या नेमकं उलट, तिथे पर्सनल म्हणजे अख्खा ग्रुप.

झेड_ब्रिज

हे भारी आहे. पेसोआलला ये!

डॉ_गल्लीतले

आमच्या केसपेपरवर एक रकाना असतो, 'पर्सनल हिस्टरी'. नवख्याला वाटतं इथे प्रेमप्रकरणं लिहायची. तिथे लिहायचं असतं झोप, भूक, शौचास साफ होते का, तंबाखू, दारू. घरच्यांचे आजार वेगळ्या रकान्यात, आधीचे आजार वेगळ्या. शरीर रोज कसं चाललंय ते पर्सनल.

हे मराठीत विचारायचं कसं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी मी विचारायचो, "काही व्यसन?" समोरची बाई ठाम, "छे हो." तोंड उघडलं की हिरड्या काळ्या. मिश्री. दिवसातून चार वेळा. ती खोटं बोलत नव्हती. मिश्री दात घासायला लावतात, ते व्यसन कसं? व्यसन म्हणजे नवरा करतो ते. आता मी विचारतो, "मिश्री सकाळी एकदाच लावता की दुपारीही?" लगेच खरा आकडा मिळतो. 'वैयक्तिक इतिहास' असा रकाना छापलेला एक मराठी केसपेपर पाहिलाय. त्या खाली पेशंटने स्वतःच लिहिलं होतं: "जन्म सांगोला. शिक्षण दहावी."

अवांतर: 'पर्सनॅलिटी'चं मराठीत काय झालंय पाहा. "काय पर्सनॅलिटी आहे!" म्हणजे उंच, धिप्पाड, गोरा. स्वभावाशी काही संबंध नाही. मुखवट्यावर परत आलो की आपण.

मोडीवाचक

खासगी राहिलं. लिहितात खासगी, बोलतात खाजगी, दोन्ही चालतात. मूळ 'खास', आणि जुन्या कागदांत त्याचा अर्थ गुपित असा नाही. राजाचा किंवा सरदाराचा स्वतःच्या घरचा जमाखर्च तो खासगी, राज्याचा तो दौलत. होळकरांकडे ही वाटणी चोख होती. पेशव्यांनी १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी लावून दिली, पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती या खासगीतून, असं इतिहास सांगतो. पुण्यातलं 'खासगीवाले' आडनाव हे त्याच खात्याच्या कारभारावरून.

म्हणजे खासगी हा आधी पैशाचा शब्द. आजही 'खासगी सावकार', 'खासगी गाडी', एसटी स्टँडाबाहेर 'खासगी'वाल्यांची ओरड, यात गुपित काहीच नाही. सरकारी नाही एवढंच. गुपिताचा अर्थ एका जागी जमला आहे: 'नेते खासगीत मान्य करतात.'

विन्या_व्हर्जिनिया

पर्सनल आणि प्रायव्हेटमधली रेघ तिथेच आहे ना? माझं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलंय. ते खासगी नाही, अख्खी गल्ली वाचते. पण माझं आहे, माझ्याबद्दल आहे, म्हणून पर्सनल.

तालुका_वकील

कायद्यातही तसंच धरलंय. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात पर्सनल डेटा म्हणजे ज्यावरून माणूस ओळखता येतो अशी कुठलीही माहिती. गुपित असलीच पाहिजे अशी अट नाही. कुंदकळीताई, म्हणून तुमच्या फॉर्मवर 'खासगी माहिती' लिहू नका, लोक पगार आणि आजारपण एवढंच समजतील. तिथे वैयक्तिक बरोबर आहे. जाता जाता, त्या कायद्यात व्यक्तीसाठी सगळीकडे 'शी' वापरलंय, स्त्री-पुरुष कुणीही असो. पाटी_पेन्सिल बाईंची 'ती व्यक्ती' दिल्लीपर्यंत पोचली.

कुंदकळी

केवढं जमलं! आता 'पर्सनली घेऊ नका'कडे वळा कुणीतरी. यादीप्रमाणे 'वैयक्तिक घेऊ नका' होतंय आणि माझ्या कानात खडा जातोय.

निवृत्त_कारकून

'मनाला लावून घेऊ नका.' झालं. यात अवघड काय?

पाटी_पेन्सिल

'मनावर घेऊ नका' मात्र लिहू नका हं. 'पोराने अभ्यासाचं मनावर घेतलं' म्हणजे नेटाने लागला. एका प्रत्ययाने अर्थ उलटतो. कर्मचारी म्हणेल, बरं झालं, तक्रार मनावर घ्यायची नाहीये.

झेड_ब्रिज

पण 'मनाला लावून घेणे'मध्ये दुखावणं आलं. पर्सनली घेणं म्हणजे, तो ओरडतोय कंपनीवर आणि मला वाटतंय माझ्यावर. दुखेल न दुखेल, नेम चुकीचा धरलाय एवढंच. आम्ही म्हणतो 'अंगावर घेऊ नको'.

बोरूबहाद्दर

'स्वतःवर ओढवून घेऊ नका.'

झेड_ब्रिज

हे आवडलं. खरंच. आजोबा, हे चपखल आहे.

बोरूबहाद्दर

धन्यवाद. आजोबा नाही, एक्केचाळीस.

खारा_वारा

😄 आणि 'पर्सनल होऊ नको'ला काय? आमच्याकडे म्हणतात 'घरावर येऊ नको'.

तालुका_वकील

देशावर 'आईबापावर जाऊ नको'. भांडण अंगणात चाललंय आणि एकाने उंबरा ओलांडला. इंग्रजीत पर्सनल म्हणजे एकटा माणूस. आपल्याकडे माणसाला दुखवायचं तर त्याच्या घराला धरतात. रजेच्या अर्जातही बघा, इंग्रजीत 'पर्सनल रीझन', मराठीत सगळं जग लिहितं 'घरगुती कारणास्तव'. लिहिणारा एकटाच गोव्याला निघालेला असतो.

डॉ_गल्लीतले

'पर्सनल इक्वेशन' कुणी काढलं नाही अजून. 'दोघांचं पर्सनल इक्वेशन चांगलं आहे' म्हणजे सूत जुळलंय. पण शब्द आला खगोलशास्त्रातून आणि त्याची सुरुवात सूत तुटण्याची आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ साली तिथला प्रमुख मॅस्केलाइन याने आपल्या मदतनिसाला, किनब्रुकला, काढून टाकलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकतो ती वेळ टिपायची असे, घड्याळाची टिकटिक कानाने मोजत. किनब्रुकची नोंद साहेबांपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिरा पडे. चूक समजून घरी पाठवलं. पुढे बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने पडताळून पाहिलं, तर निष्णात माणसांतही असा फरक पडतोच, प्रत्येकाचा आपला आपला. तो जो ज्याच्या त्याच्या डोळ्या-कानाचा फरक, त्याचं नाव पर्सनल इक्वेशन.

याला मात्र 'वैयक्तिक' शोभतं. शंभर टक्के एका माणसाचं, आणि त्यात गुपित काही नाही.

मोडीवाचक

बिचारा किनब्रुक. पर्सनलला बोलावून काढला त्याला.

कुंदकळी

ताजी खबर. कंपनीशी फोनवर बोलले. इथली उदाहरणं वाचून दाखवली, मिश्रीसकट. कुलूप निघालं नाही, पण यादीत टीप जोडली: 'संदर्भानुसार स्वतःचा, खासगी किंवा व्यक्तिशः'. 'स्वतःवर ओढवून घेऊ नका' मंजूर झालं, बोरूबहाद्दर यांचे आभार. 'जातीने' मात्र गेलं. मी मनसबदारी सांगून पाहिली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मला पटलं, पण ॲप वाचताना ग्राहकाशेजारी तुम्ही बसणार आहात का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तिथे 'स्वतः लक्ष घालतील' आहे. सपक, पण चुकीचं नाही.

एक राहिलं. 'पर्सनल इफेक्ट्स'. प्रवास विम्यात आहे आणि रुग्णालयाच्या पत्रकातही. 'वैयक्तिक परिणाम' असा आधीच्या अनुवादकाचा पराक्रम फाइलमध्ये तसाच आहे.

निवृत्त_कारकून

वैयक्तिक परिणाम!! साष्टांग नमस्कार.

तालुका_वकील

पंचनाम्यात बघा. पर्सनल सर्चला पोलीस 'अंगझडती' म्हणतात. अंगझडतीत मिळालेली चीजवस्तू: एक पाकीट, रोख अमुक, एक मोबाइल. जिथे पर्सन म्हणजे नुसता देह, तिथे मराठी 'अंग' घेते. पर्सनल बॉडीगार्ड तो अंगरक्षक. रुग्णालयासाठी 'अंगावरील वस्तू' लिहा. प्रवासासाठी 'सोबतची चीजवस्तू'.

कुंदकळी

अहो, हे तर मी वाचलेलं आहे! दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं मोतीबिंदूचं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी नर्सने एका जुन्या वहीत ओळी लिहिल्या आणि माझी सही घेतली. वर शीर्षक होतं 'रुग्णाच्या अंगावरील वस्तू, नातेवाइकांच्या ताब्यात'. खाली: मंगळसूत्र १, पाटल्या २, चष्मा १, कवळी १ (वरची). जोडवी काढायला त्या तयार होईनात, मग नर्सने चौथ्या ओळीखाली लिहिलं, 'जोडवी २, काढली नाहीत, चिकटपट्टी लावली'.

फाइलमध्ये 'अंगावरील वस्तू' टाकलं. आत्ताच पाठवते.